स्टीलचं बॅलिस्टिक हेल्मेट की कॉम्पोझिट? ठरवायच्या आधी काय काय बघायचं

बॅलिस्टिक म्हणजे गोळ्या आणि तुकडे अडवणारं, आणि कॉम्पोझिट म्हणजे केव्हलरसारख्या मजबूत धाग्यांचे थर एकमेकांना चिकटवून केलेलं कवच. "कॉम्पोझिट हलकं, स्टील मजबूत" एवढ्यावरच बरेच जण हेल्मेट ठरवून मोकळे होतात, आणि यातली दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. अमेरिकन सैन्याचं एम-1 हेल्मेट 1941 मधलं, मॅंगनीज स्टीलचं, कवच जेमतेम 1 मिमी जाड, त्या कवचाचं वजन किलोभर आणि लायनर (आतली वेगळी टोपी) धरून साधारण 1.3 किलो. 1980 च्या दशकात त्याच्या जागी केव्हलरचं पीएएसजीटी हेल्मेट आलं, त्याचं वजन साइझप्रमाणे साधारण 1.4 ते 1.9 किलो, म्हणजे कॉम्पोझिट आलं तेव्हा डोक्यावरचं ओझं वाढलं, कमी नाही झालं! मग बदललं कशासाठी, तर थोड्या जादा वजनात अडवायची ताकद कितीतरी जास्त मिळाली म्हणून.

याचं कारण घनतेत आहे. स्टीलची घनता 7.85 (ग्रॅम प्रति घन सेंमी), अरॅमिडची (केव्हलर यातलंच) 1.44 आणि पॉलिथिलीनची तर 0.97, पाण्यापेक्षाही कमी. त्यामुळे 1 मिमी स्टीलच्या वजनात अरॅमिडचं साधारण साडेपाच आणि पॉलिथिलीनचं आठ मिमी जाड कवच बसतं. स्टीलचं हेल्मेट जाड करून तेवढं प्रोटेक्शन आणायचं म्हटलं तर प्रत्येक जादा मिलिमीटरला जवळजवळ एक किलो वाढतो, आणि तो सगळा भार मानेवर येतो. म्हणून कोणी स्टीलचं हेल्मेट "पिस्तूलप्रूफ आणि हलकं" म्हणून दाखवत असेल तर आधी वजनकाट्यावर ठेवा आणि मग कडेची जाडी बघा, दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असणं अवघड आहे.

आधी हे ठरवा: अडवायचं काय आहे

हेल्मेटचा मूळ शत्रू म्हणजे स्फोटातून उडणारे तुकडे. 1915-16 मध्ये फ्रेंच, ब्रिटिश आणि जर्मन सैन्यांनी स्टीलची हेल्मेट आणली ती यासाठीच, समोरून येणारी रायफलची गोळी अडवायला नाही, आणि आजही मोठ्या प्रमाणात तेच काम आहे. त्यानंतर येते पिस्तूलची गोळी. रायफलचं प्रकरण वेगळंच आहे, 9 मिमी पिस्तूलची 8 ग्रॅमची गोळी 426 मीटर प्रति सेकंद वेगाने आली तर तिची ऊर्जा सव्वासातशे जूलच्या आसपास, तेवढ्याच वजनाची एके-47 ची गोळी सातशेच्या वर वेगाने येते आणि तिची ऊर्जा दोन हजार जूलच्या घरात, म्हणजे जवळजवळ तिप्पट. नेहमीचं हेल्मेट, स्टील असो नाहीतर कॉम्पोझिट, जवळून मारलेल्या रायफलच्या गोळीसाठी बनवलेलंच नसतं. रायफलसाठी खास केलेली हेल्मेट आणि वरून लावायच्या प्लेट्स मिळतात, पण तिथे कुठल्या गोळीला आणि किती वेगाला टेस्ट केलंय ते कागदावर असल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

कागद कसा वाचायचा

बहुतेक ठिकाणी "एनआयजे लेव्हल 3ए" असं ठळक छापलेलं दिसतं. एनआयजे म्हणजे अशी स्टँडर्ड ठरवणारी अमेरिकन सरकारी संस्था, आणि 3ए ही पिस्तूलच्या गोळ्यांसाठीची लेव्हल. आता गंमत बघा, एनआयजेचं हेल्मेटसाठीचं जुनं स्टँडर्ड 0106.01 आहे, 1981 चं, आणि त्यात 3ए ही लेव्हलच नाही, 2 वर संपतं. 3ए आलंय बॉडी आर्मर आणि कवच-मटेरियलच्या स्टँडर्डमधून. म्हणजे 3ए लिहिलेलं प्रत्येक हेल्मेट खोटं असं अजिबात नाही, पण त्याचा अर्थ एवढाच होतो की कंपनीने 3ए ला वापरतात त्या गोळ्या आणि ते वेग घेऊन कवच तपासलंय. म्हणून नुसता शिक्का बघू नका, टेस्ट रिपोर्ट मागा आणि त्यात हे शोधा: कुठली गोळी, किती वेग, किती शॉट, हेल्मेटच्या कुठल्या भागावर (कडेजवळ आणि बोल्टवर मारून बघितलंय का, कारण कमजोरी तिथेच असते), आणि आतला खळगा (गोळी अडली तरी कवच आत किती दबतं ते) किती मिमी.

तुकड्यांसाठी व्ही-50 हा आकडा देतात. 1.1 ग्रॅमचा ठराविक स्टीलचा तुकडा मारतात आणि ज्या वेगाला निम्मे तुकडे आरपार जातात तो वेग म्हणजे व्ही-50. पीएएसजीटीला हा वेग किमान 610 मीटर प्रति सेकंद लागायचा, एम-1 त्याच्या बरंच खाली होतं. पण लक्षात ठेवा, व्ही-50 ही सुरक्षित मर्यादा नाही, त्या वेगाला अर्धे तुकडे आत येतातच.

गोळी अडली, पण आत काय झालं

माझ्या मते इथेच खरी तुलना होते आणि इथेच सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. कॉम्पोझिट गोळी अडवतं ते जाळीत बॉल अडकावा तसं, धागे ताणले जातात, थर एकमेकांपासून सुटतात, आणि आतल्या बाजूला फुगा येतो. गोळी आरपार गेली नाही तरी तो फुगा कवटीवर जोरात आदळू शकतो. अमेरिकन सैन्यात पीएएसजीटीनंतर आलेल्या एसीएच हेल्मेटच्या टेस्टमध्ये मातीच्या डोक्यावर पडणारा खळगा पुढे-मागे 25.4 मिमी आणि बाजूला व टाळूवर 16 मिमीपेक्षा जास्त चालत नाही. पॉलिथिलीन तुकड्यांना फार छान अडवतं पण फुगा मोठा येण्याकडे त्याचा कल असतो, त्यामुळे "सगळ्यात हलकं" म्हणून पॉलिथिलीनचं घेत असाल तर खळग्याचा आकडा विचारल्याशिवाय घेऊच नका.

स्टीलमध्ये दोन प्रकार पडतात. जुनं मॅंगनीज स्टील लवचिक, फुटत नाही पण आत खोल पोचा येतो. नवीन कडक आर्मर स्टीलला पोचा कमी येतो, तो त्याचा खरा फायदा, पण गोळी त्यावर फुटून तिचे तुकडे बाजूला उडतात, म्हणजे चेहऱ्याला, खांद्याला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला धोका.

हातात घेऊन तपासताना

कॉम्पोझिटची कड आधी बघा. रबराची पट्टी सुटलीय का, थर उलगडतायत का, रंगाखाली फुगवटा आहे का. मग नाण्याने पूर्ण कवचावर हलकं टकटक करत जा, चांगल्या भागावर आवाज टणक आणि एकसारखा येतो, जिथे एकदम बोदा येतो तिथे आतले थर सुटलेले असायची शक्यता आहे. कोणी नंतर ड्रिलने जादा भोकं पाडली असतील तर सरळ परत द्या. आतल्या लेबलवर साइझ, लॉट नंबर आणि बनवल्याची तारीख वाचता आलीच पाहिजे, लेबल नसेल तर तो एअरसॉफ्टचा (खेळण्यातल्या बंदुकांच्या लुटुपुटीच्या लढाईचा) प्लास्टिकचा टोप असू शकतो, दिसायला हुबेहूब असतात हो ते.

स्टीलमध्ये गंज, पट्ट्याच्या कड्यांचं वेल्डिंग आणि पुढच्या कडेच्या केसाएवढ्या चिरा बघायच्या, जुन्या एम-1 मध्ये या चिरा नेहमीच्या आहेत. लोहचुंबक लावून "चिकटत नाही म्हणजे स्टील नाही" असं ठरवू नका, खऱ्या एम-1 चं मॅंगनीज स्टील चुंबकाला जवळजवळ धरतच नाही, उलट चुंबक घट्ट चिकटला तर ती दुसऱ्या देशात बनलेली नक्कल असू शकते.

टिकणं आणि सांभाळणं

इथे स्टील सरळ जिंकतं. रंग नीट ठेवला तर पन्नास वर्षांनीही कवच होतं तेवढंच काम करतं. अरॅमिडला ऊन आणि ओल बाधते, पॉलिथिलीनला उष्णता (साधारण 140 अंशांच्या आसपास वितळतं, पण त्याच्या बरंच आधी ताकद कमी व्हायला लागते), म्हणून उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवायचं नाही आणि थिनर किंवा कडक सॉल्व्हंटने पुसायचं नाही. बऱ्याच कंपन्या कॉम्पोझिटला पाच वर्षांच्या आसपास वॉरंटी देतात, त्यामुळे सेकंडहँड घेताना तारीख आधी बघा, भाव नंतर.

आणि डोक्यावर बसतंय का

चार ठिकाणी बांधलेला हनुवटीचा पट्टा आवळा, मान जोरात हलवा, खाली वाका, वर बघा. पुढची कड भुवईवर घसरत असेल किंवा मागची कड जॅकेटच्या कॉलरला लागून हेल्मेट डोळ्यांवर ढकललं जात असेल तर साइझ चुकलाय नाहीतर पॅड चुकीचे लावलेत. जुन्या स्टीलच्या हेल्मेटमध्ये पट्ट्यांचा सांगाडा असतो, हवा छान खेळते पण आदळलं तर धक्का शोषायला फोम नसतो. पॅड एकमेकांना चिकटून लावू नका, पण एखादा काढूनही टाकू नका, डोकं आणि कवच यांच्यामधली ती मोकळी जागाच फुग्यापासून वाचवते. घातल्यावर निदान तासभर काढू नका, कपाळावर एकाच जागी कळ आली तर तो पॅड सरकवा, आणि तरी नाही थांबली तर दुसरा साइझ घालून बघा.