लॅमिनेटच्या ओट्याचा कोपरा कसा जोडावा

इंदूरच्या मराठी घरांत ओटा म्हणजे बहुधा दगडाचा, आणि रात्रीची भांडी झाली की तो पाणी ओतून धुवायचा. लॅमिनेटच्या ओट्याला ही सवय मानवत नाही. वरची सनमायका पाण्याला दाद देत नाही, पण खाली दाबून बसवलेला लाकडाचा भुसा असतो. सांध्यातून पाणी झिरपलं की तो फुगतो, आणि फुगलेली कड पुन्हा खाली बसत नाही. म्हणून सांध्याची मजबुती एकवेळ बोल्ट सांभाळतील, आपण जपायचं ते पाण्यापासून.

सिंक आणि शेगडी सांध्यापासून किमान 30 सेंटिमीटर लांब ठेवा. सांध्याच्या बरोबर खाली कपाटाची उभी फळी किंवा लाकडी पट्टी हवीच. तिथे आधार नसला आणि वर कोणी खलबत्ता घेऊन बसलं, तर सांधा फार दिवस टिकणार नाही.

मग कोपरा तपासा. रामबाग, लोकमान्य नगरसारख्या जुन्या वस्तीतल्या घरात गिलाव्याचा कोपरा नेमका काटकोनात सापडला तर नशीबच. एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसऱ्या भिंतीवर 4 फुटांवर खूण करा. दोन्ही खुणांमधलं तिरकं अंतर 5 फूट भरलं तर कोपरा सरळ. नसेल तर पुठ्ठ्याचा साचा कापून कोपऱ्यात बसवून बघा आणि तोच कोन कापायच्या रेषेवर उतरवा.

ओट्याची पुढची कड चौकोनी असेल तर काम सोपं आहे: एक तुकडा दुसऱ्याला सरळ भिडवायचा. मधे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घालायचा सल्ला दुकानदार हमखास देईल. लावायला ती सोपी, पण तिच्या कडेला कणीक आणि तेलाचा थर साचतो. मला ती आवडत नाही.

पुढची कड गोल वळवलेली असेल तर मात्र जिग (कटरला वाट दाखवणारा साचा), दमदार राऊटर (लाकूड कोरायचं यंत्र) आणि अर्ध्या इंचाचा सरळ कटर लागतो. सियागंजात हार्डवेअरची खरेदी होईल, पण एका सांध्यासाठी राऊटर विकत घेण्यात अर्थ नाही. हाताशी अवजार नसेल तर कापण्यापुरता अनुभवी मिस्त्री बोलवा, बाकीचं घरी होतं. तो कापत असताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, कटर गोल कडेतून आत शिरला पाहिजे. त्या कडेतून बाहेर पडला तर सनमायकाचे टवके उडतात. यासाठी दोनपैकी एक तुकडा उलटा ठेवून कापावा लागतो. दुसरं, एकदम खोल घुसायचं नाही. दर फेरीला 8-10 मिलिमीटर पुरे, आणि शेवटची फेरी पूर्ण खोलीची, मधे न थांबता. भुसा नाकातोंडात जातो, तेव्हा मास्क लावा आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करा.

खालच्या बाजूने जोडबोल्टांसाठी (दोन तुकडे एकमेकांकडे आवळून धरणारे बोल्ट) खाचा करा: 60 सेंटिमीटर रुंदीच्या ओट्याला तीन बोल्ट, खाच जाडीच्या निम्म्याहून किंचित खोल. आता काही न लावता दोन्ही तुकडे जोडून बघा. सांध्यावरून नख फिरवा. नख अडलं तर एक बाजू वर आहे. खाली पातळ पाचर सरकवून पातळी साधा.

मग तुकडे सुटे करून कापलेल्या उघड्या भुशाला पाण्यात टिकणारं वॉर्निश दोनदा लावा. वाळू द्या. हा थर कुणालाच दिसणार नाही, त्यामुळे मिस्त्री तो हमखास टाळतात, आणि पावसाळा आला की तोच नडतो.

जोडताना भुशाच्या भागाला पाणीरोधक लाकडाचा गोंद आणि वरच्या सनमायकाच्या कडेला, अगदी बारीक रेघ, ओट्याच्या रंगाचं सांधेभरणी (फट बुजवायचा मसाला). ते पटकन सुकतं, तेव्हा पान्हा आधीच हाताशी ठेवा. तिन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळा. एकच बोल्ट कचकचून आवळला तर दुसरं टोक उघडतं. वर आलेला तुकडा लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोड्याने हळूच खाली बसवा. सांध्यातून बाहेर आलेला मसाला लगेच पुसून काढा. वाळल्यावर खरवडायला गेलात तर सनमायकावर चरे पडतील.

शेवटी भिंत आणि ओटा यांच्यामधल्या फटीत सिलिकॉन भरा. एक दिवस तिथे पाणी लागू देऊ नका, आणि त्यानंतरही ओटा धुवायचा नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायचा.