कान मॉलीकडे ठेवा : 'फिबर मॅक्गी अँड मॉली' कसं ऐकावं

एका दुपारी मी स्पीकरवर १९४० सालचा एक अमेरिकन रेडिओ कार्यक्रम लावला होता. मध्येच असा काही धडाधड आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून धावत आली, "मांडणी कोसळली का रे?" मांडणी जागेवर होती. कोसळलं होतं ते फिबर मॅक्गीचं कपाट, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी, हॉलिवूडच्या एका स्टुडिओत. आई मग तिथेच बसली. मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' ऐकत वाढलेली ती. प्रभाकरपंत आणि मीनावहिनींच्या घरी टेकाडे भावजी आले की पुढे काय होणार, हे तिच्या कानांना पाठ. मॅक्गीचं इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं असेल, पण कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "बडबडतो तो, पण ऐकायचं तिचं."

हा कार्यक्रम ऐकायचा कसा, याबद्दल इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून निघालं आहे.

आधी ही माणसं कोण ते समजून घ्या

जिम आणि मेरियन जॉर्डन हे खऱ्या आयुष्यातले नवरा-बायको. दोघंही इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावचे. लग्न १९१८ सालचं. गाण्याबजावण्याचे फिरते कार्यक्रम करत करत दोघं शिकागोच्या रेडिओवर आले. तिथे डॉन क्विन नावाचा लेखक त्यांना भेटला आणि या तिघांची गट्टी जमली. 'फिबर मॅक्गी अँड मॉली' १६ एप्रिल १९३५ रोजी एनबीसीवर सुरू झाला. जिम झाला फिबर, मेरियन झाली त्याची बायको मॉली. 'फिबर' म्हणजे थापाड्या. त्यांचा पत्ता : ७९, विस्टफुल व्हिस्टा. हे घर त्यांना सोडतीत लागलेलं. नवरा दिवसभर काय नोकरी करतो हे कधी नीट कळत नाही, पण दर आठवड्याला त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं. दारावरची घंटा मीच दुरुस्त करतो, प्राप्तिकराचा हिशेब मीच मांडतो, ख्रिसमसचं झाड मीच रंगवतो. पैसे वाचतील, नाव होईल, लोक बघत राहतील अशी त्याची खात्री असते. तसं काही होत नाही, आणि मॉली शेजारी उभी असते.

पहिल्या भागापासून सुरुवात करू नका

जुने कार्यक्रम ऐकायचे म्हटलं की आपण पहिल्या भागापासून बसतो. इथे तसं करू नका. सुरुवातीच्या वर्षातला फिबर कर्कश आहे, लांबलचक थापा मारणारा आहे, आणि हे दोघं गाडी घेऊन गावोगाव फिरत असतात. घर मिळाल्यावर कार्यक्रमाला बूड मिळालं. खरी मजा १९४० ते १९४५ या वर्षांत आहे. लिखाण घट्ट, माणसं ओळखीची झालेली आणि दोघांच्या आवाजात सहजपणा आलेला.

इंटरनेट आर्काइव्हवर या कार्यक्रमाचे शेकडो भाग मोफत ऐकायला मिळतात. फाइलींच्या नावात बहुतेक वेळा वर्ष, महिना आणि तारीख असते, त्यामुळे शोधणं सोपं जातं. पहिला भाग ऐकायचा तो ५ मार्च १९४० चा, कपाट आवरण्याचा. त्याच वर्षातले पुढचे तीन-चार क्रमाने घ्या आणि मग हवे तसे फिरा. दिवसाला एकच ऐका. हा कार्यक्रम मंगळवारी रात्री, आठवड्यातून एकदा यायचा. ओळीने पाच भाग ऐकले की त्यातल्या ठरावीक गमती कंटाळवाण्या वाटू लागतात, आणि दोष आपल्या घाईचा असतो.

अर्ध्या तासाची बांधणी ओळखा

सुरुवातीला वाद्यवृंद आणि जाहिरात. मग निवेदक दोन ओळींत सांगतो की आज ७९ विस्टफुल व्हिस्टामध्ये काय चाललंय. फिबरचं काम सुरू होतं आणि दार वाजतं. एकामागून एक माणसं येतात, प्रत्येक जण त्या कामात आपली काडी घालून जातो. मध्ये बिली मिल्सच्या वाद्यवृंदाची एक धून आणि 'किंग्ज मेन' या चौघांचं एक गाणं. शेवटच्या पाच मिनिटांत सगळं फिबरवर उलटतं.

गाणी वगळू नका. हा प्रयोग समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे थेट प्रसारित व्हायचा, आणि हसून दमलेल्या माणसांना श्वास घ्यायला ती जागा ठेवलेली आहे.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर एक उपाय सांगतो. पहिल्यांदा हेडफोन लावून, न थांबवता ऐका. शब्द सुटले तर सुटू देत. प्रेक्षक कुठे हसले तेवढं लक्षात ठेवा. दुसऱ्यांदा तेवढीच ठिकाणं मागे नेऊन ऐका. फिबर वेगात बोलतो, मॉलीच्या उच्चारात आयरिश हेल आहे. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत कान सरावतो.

दारात कोण उभं आहे?

माणसं नावाने पाठ करायची गरज नाही, आवाजाने ओळखायला शिका. म्हातारा ओल्ड टायमर आला की फिबरने सांगितलेला विनोद ऐकून घेतो आणि म्हणतो, छान आहे, पण मी ऐकला तो असा नव्हता. मग आपला सांगतो. वॉलेस विंपल हा भिजल्या मांजरासारख्या आवाजाचा गृहस्थ. त्याची बायको 'स्वीटी फेस' आपल्याला कधीच ऐकू येत नाही, फक्त तिच्या धाकाची वर्णनं येतात. हे दोन्ही आवाज बिल थॉम्पसन या एकाच नटाचे आहेत, आणि हे कळल्यावर दोन्ही भाग पुन्हा ऐकावेसे वाटतात.

शेजारचा गिल्डरस्लीव्ह भांडकुदळ. हॅरोल्ड पिअरीने तो इतका रंगवला की १९४१ मध्ये त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. डॉक्टर गॅम्बल आणि फिबर एकमेकांना शेलक्या शब्दांत सोलत असतात, आणि त्यामागचा जिव्हाळाही लपत नाही.

महापौर ला ट्रिव्हिया आले की मात्र हातातलं काम ठेवा. गेल गॉर्डन या नटाची ही भूमिका. महापौर बोलता बोलता एखादा साधा वाक्प्रचार वापरतात. फिबर आणि मॉली तो शब्दशः घेतात. आपण म्हणावं "पाणी डोक्यावरून गेलं" आणि समोरच्याने काळजीने विचारावं "कुठे बुडालात?", तसं. महापौर समजावू लागतात, हे दोघं आणखी भोळेपणाने प्रश्न विचारतात, महापौरांचा आवाज चढत जातो, शब्दांची अक्षरं एकमेकांत अडकतात आणि शेवटी नुसता गुंता उरतो. मग शांतता. ती शांतता ऐका. गॉर्डन ती किती ताणतो आणि कुठे सोडतो, हे रेडिओवरच्या नटाला शिकण्यासारखं आहे. या खेळात मॉली फिबरइतकीच सामील असते. एरवी त्याला आवरणारी ती, इथे त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळते.

आणि टीनी. शेजारची छोटी मुलगी, प्रश्नांनी फिबरला भंडावून सोडणारी. ती यायच्या आधी मॉली बहुधा काही कामासाठी आत जाते. कारण टीनीही मेरियन जॉर्डनच आहे. बायकोसमोर बढाया मारणारा फिबर त्याच बाईच्या दुसऱ्या आवाजासमोर रडकुंडीला येतो.

कपाट

आता ५ मार्च १९४० च्या त्या भागाकडे येऊ. मॉलीला शब्दकोश हवा असतो. ती कपाट उघडते आणि आतलं सगळं तिच्या अंगावर येतं. फिबरच्या मते ते सामान त्याने अगदी हवं तसं लावून ठेवलेलं असतं. मग कपाट आवरायचं ठरतं. एकेक वस्तू बाहेर निघते. फोटोंचा आल्बम, गंजलेला घोड्याचा नाल, दहा फुटी काठी. प्रत्येक वस्तूवर बोलणं होतं. सगळं पुन्हा आत रचून दार लावल्यावर फिबरच्या लक्षात येतं की शब्दकोशही आतच गेला. तो दार उघडतो.

तो आवाज तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा त्यातल्या वस्तू मोजायचा प्रयत्न करा. आधी जड काहीतरी, मग लाकडी, मग पत्र्याचे डबे, काहीतरी घरंगळत जाणारं. तिसऱ्यांदा शेवटाकडे लक्ष द्या. सगळं शांत झालंय असं वाटतं, आणि मग एक बारीकशी घंटी किणकिणते. किणकिण ऐकूनच लोक सर्वांत जास्त हसायचे. आधीचा सगळा गोंधळ त्या एका नाजूक आवाजासाठी रचलेला असतो. ध्वनिपरिणाम करणारी मंडळी खऱ्या वस्तू पायऱ्यांवर रचून ठेवत आणि प्रसारण चालू असताना लोटून देत. चुकलं तर दुसरी संधी नव्हती.

त्यानंतर फिबरचं ठरलेलं वाक्य येतं : हे कपाट एकदा आवरलंच पाहिजे. हा प्रसंग त्यांनी दर आठवड्याला वापरला नाही, म्हणूनच तो टिकला. एका भागात चोर घरात शिरून फिबरला बांधून ठेवतो, आणि फिबर त्याला सांगतो की चांदीची भांडी त्या दाराआड आहेत. ऐकणाऱ्याला ते दार कोणतं हे ठाऊक असतं. रेडिओवर दिसत काहीच नाही, तरी सगळा देश त्या दाराकडे बघत होता. अमेरिकेत आजही खच्चून भरलेल्या कपाटाला 'फिबर मॅक्गीचं कपाट' म्हणणारी माणसं आहेत.

जाहिरात पुढे ढकलू नका

१९५० पर्यंत प्रायोजक होते जॉन्सन्स वॅक्स, फरशी आणि लाकडी सामान चकचकीत करणारं मेण. मधली जाहिरात कथेच्या आतच यायची. निवेदक हार्लो विल्कॉक्स घरी आलेला पाहुणा म्हणून येतो, आणि विषय काहीही असो, वळवून वळवून मेणावर आणतो. फिबर त्याला 'वॅक्सी' म्हणतो आणि वैतागतो. आज तो कसा वळवणार, हे ओळखायचा खेळ मी नेहमी खेळतो.

तारीख बघूनच ऐका

१९४२ ते १९४५ चे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले भाग तारीख न बघता ऐकले तर निम्मं हुकतं. १ डिसेंबर १९४२ हा मंगळवार होता. त्याच दिवशी अमेरिकाभर पेट्रोलचं रेशनिंग लागू झालं. त्या रात्रीच्या भागात फिबर या नियमावर भडकलेला आहे. अनेक श्रोते त्या दिवशी तेच बोलत असणार. आणि एकेक पाहुणा त्याला कारण समजावतो. पेट्रोल पुरेसं होतं, टंचाई रबराची होती. आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले होते, आणि टायर वाचवायचे तर गाड्या कमी चालवायला हव्या होत्या. सरकारी भाषणात हे रुक्ष वाटलं असतं. इथे ते तक्रार करणाऱ्या माणसाच्या तोंडून सुरू होतं, म्हणून पटतं.

जे खटकेल ते ऐकून न ऐकल्यासारखं करू नका

परदेशातून आलेल्या माणसांच्या उच्चारांची टिंगल आहे. आणि १९४४ पासून ब्यूला नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण येते. तिचा आवाज मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाचा. तो प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा आणि पहिलं वाक्य म्हणत वळायचा. रेकॉर्डिंगमध्ये त्या क्षणी जो हशा उसळतो, त्याचं कारण हे आहे. मला तो हशा त्रास देतो. तरी तो भाग कापून ऐकावा असं मला वाटत नाही. कृष्णवर्णीय बाईच्या भूमिकेसाठी गोरा पुरुष उभा करण्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे त्या हशातच ऐकू येतं.

आता मॉली

पाच-सहा भाग झाल्यावर एक भाग फक्त तिच्यासाठी ऐका. फिबर शाब्दिक कोटी करतो आणि हशाची वाट बघत थांबतो. ती म्हणते, "टेन्ट फनी, मॅक्गी." म्हणजे, यात हसण्यासारखं काही नाही हं. ती त्याला आडनावाने हाक मारते, आणि त्या एका 'मॅक्गी'चे किती प्रकार आहेत ते मोजा. इशारा देणारा, थकलेला, हसू दाबलेला. त्याचा बेत पुरता फसला की कधी 'डिअरी' येतं. ती कधीही त्याला लोकांसमोर उघडं पाडत नाही. त्याची थाप तिला ठाऊक असते आणि तरी ती त्याला ती पूर्ण करू देते.

याची खात्री करायची तर शेवटचा प्रयोग करा. १९३७ च्या अखेरीपासून एप्रिल १९३९ पर्यंत मेरियन आजारपणामुळे कार्यक्रमात नव्हती. त्या काळात नाव बदलून 'फिबर मॅक्गी अँड कंपनी' झालं. १९३८ चा एक भाग घ्या. लेखक तोच, जिम तोच, पाहुणेही भरपूर. फिबर थापा मारतो, आणि त्या हवेत विरून जातात. घरात त्या झेलायला कुणी नसतं. आता १९३९ च्या वसंतातला, ती परतल्यानंतरचा भाग लावा. बंद करायची घाई करू नका, संगीत सुरू होईपर्यंत थांबा. जिम म्हणतो, "गुड नाइट." आणि त्याच्या मागोमाग तिचा आवाज येतो, "गुड नाइट, ऑल."