फिशटँकच्या दिव्याची दुरुस्ती : या चुका टाळा

फिशटँकचा दिवा बंद पडला की अनेक जण भिंतीवरचे बटण बंद करून लगेच झाकण उघडतात. माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक हीच आहे. हे बटण एकच तार तोडते. ती फेजची असायला हवी. पण जुन्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलट जोडले गेले असतील, तर बटण बंद असूनही दिव्याच्या आत २३० व्होल्टचा दाब कायम राहतो. म्हणून पिनच सॉकेटमधून काढावी, आणि ती केवळ दिव्याची नव्हे, तर पंप, फिल्टर व हीटर यांचीही. कारण दिवा सोडवताना दुसरा हात नकळत पाण्याला लागतोच. घरात ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) नसेल, तर दुरुस्तीआधी ते बसवून घ्यावे आणि त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे.

दुसरी चूक म्हणजे दिवा लुकलुकू लागताच एलईडीची पट्टी बदलणे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि बंद झाकणाखाली कोंबलेल्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या भागाला, त्याहून अधिक उष्णता सोसावी लागते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणाऱ्या घटकाचे) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात नवी पट्टी लावूनही लुकलुक थांबली नाही. फुगलेला कपॅसिटर दिसला तेव्हाच खरे कारण कळले. तेव्हापासून ड्रायव्हर मी झाकणाबाहेर, हवा लागेल आणि पाणी उडणार नाही अशा जागी ठेवतो. नवा ड्रायव्हर घेताना ‘जास्त ताकदीचा चालेल’ असे गृहीत धरू नये. स्थिर करंट देणाऱ्या ड्रायव्हरचे मिलिअँपिअर जुन्याइतकेच हवेत आणि व्होल्टची कक्षा जुळायला हवी. १२ व्होल्टच्या पट्टीसाठी मात्र व्होल्ट तेवढेच ठेवून अँपिअर अधिक असले तरी चालतात.

बोअरच्या पाण्यामुळे दिव्याच्या काचेवर पांढरे क्षार साचतात आणि दिवा मंद झाल्यासारखा वाटतो. त्यावर थेट काही फवारू नये. दिवा टँकपासून दूर नेऊन, व्हिनेगरने ओलसर केलेल्या फडक्याने पुसावा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने, आणि पूर्ण वाळल्यावरच जोडावा. झाकण ॲक्रिलिकचे असेल, तर स्पिरिट किंवा अमोनियायुक्त काचक्लीनर वापरू नये. त्याने बारीक तडे जातात. जुन्या टी५ किंवा टी८ फ्लुरोसंट ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून फुटलेली ट्यूब झाडूने न उचलता जाड कागदाने गोळा करावी आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

सुट्या तारा केवळ इन्सुलेशन टेपने गुंडाळून टँकवर ठेवू नयेत, कारण दमटपणात तिचा गोंद सुटतो. जोड जलरोधक कनेक्टरनेच करावा. तारेला सॉकेटच्या पातळीखाली झोल सोडावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटमध्ये शिरत नाही. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खालच्या कप्प्यात मुळीच ठेवू नये.