घोळीची भाजी: समुद्रावरची आणि आपल्या तापीकाठची

डहाणू-दमणकडे समुद्रावर गेलात तर भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं त्याच्या जरा वर, कोरड्या वाळूत, जाड रसाळ पानांची लालसर देठाची भाजी जमिनीलगत पसरलेली दिसते का बघा. गुलाबी फुलं असतील तर ती खारी घोळ, आणि पिवळी असतील तर आपलीच घोळ, जी इकडे जळगाव-धुळ्याला पावसाळ्यात कपाशीत, मक्यात, तापी-गिरणेच्या वाळूत फुकट उगवते आणि आपण निंदून बांधावर फेकून देतो, खरंच वाईट वाटतं बघून.

खुडायच्या आधी देठ मोडून बघायचाच. पांढरा चीक आला की ती घोळ नाही, सोडून द्या. घोळीच्या देठातून नुसतं पाणी येतं, पान गुळगुळीत, लव अजिबात नाही. तणनाशक मारलेल्या शेतातली आणि गटारीजवळची घ्यायची नाही म्हणजे नाही.

आता वेळ. आपली घोळ, खास करून पाण्याचा ताण असला की, रात्री पानांत आंबट आम्ल साठवते आणि दिवसा उन्हात ते वापरून टाकते, म्हणून सकाळी खुडलेली जास्त आंबट लागते आणि संध्याकाळची सौम्य. वरणात टाकायची असेल तर सकाळची घ्या, चिंच लागत नाही, पोरांना द्यायची असेल तर संध्याकाळची. फक्त कोवळे शेंडे खुडा, मूळ राहू द्या, परत फुटते.

वाळू नीट काढा, नाहीतर दाताखाली कचकच. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन भाजी हलवायची आणि हाताने वर उचलून काढायची, पाणी ओतून गाळायचं नाही, तळाची वाळू परत भाजीवरच येते. तीनचार पाण्यातून काढा.

मग तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, अर्धा तास भिजवलेली मूगडाळ परतून झाकण ठेवा, डाळ बोटाने दाबली की तुटायला लागली की चिरलेली घोळ टाका, पाणी नाही टाकायचं, तिचंच पुष्कळ सुटतं. भाजी आळून एकदम थोडी होते म्हणून मीठ शेवटी, वरून दाण्याचा कूट. सोबत कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी.

खारी घोळ मात्र आधी उकळून ते पाणी फेका, आणि चव बघितल्याशिवाय मीठ टाकूच नका.

दोन्हीत ऑक्झलेट बरंच असतं, मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळलेली बरी, बाकीच्यांनी सोबत दही घ्यावं.