पालिकेच्या मोठ्या कामांचा आराखडा करताना या चुका टाळा

गोव्यात १३ नगरपालिका आणि पणजीची महानगरपालिका. निवडणूक झाली की नवे नगरसेवक हिरिरीने कामाला लागतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "सध्या कुठल्या योजनेत पैसे आहेत?" सगळ्यात जुनी चूक हीच. पैसा पाहून काम शोधले की शहराची खरी गरज मागे पडते. शिवाय निधी अटी घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी यांच्याशी बांधलेली होती, आणि उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार देता येत नव्हते. मी आधी शहराच्या गरजांची एकच यादी करतो, वॉर्डवार नाही. योजनेचे नाव शेवटच्या रकान्यात, तेही पेन्सिलीने.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त सलते. खाडीकाठच्या एका शहरात बाजारपेठेचे पाणी काढण्यासाठी मोठे गटार मंजूर झाले. निधी ३१ मार्चपूर्वी खर्च करायचा होता, म्हणून पाण्याच्या पातळ्या घाईघाईने फेब्रुवारीत मोजल्या, त्याही ओहोटीच्या वेळी. पलीकडच्या खाजनात (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीत) मानशीच्या, म्हणजे भरतीचे पाणी अडवणाऱ्या दाराच्या, फळ्या उघडणारा-मिटणारा एक म्हातारा शेतकरी रोज ते काम बघत होता. पावसाळ्यात भरती कुठवर चढते हे त्याला तोंडपाठ होते, पण त्याला कोणी विचारलेच नाही. जुलैत अमावास्येची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दुपारी आले. गटाराचे तोंड खाडीच्या पाण्याखाली गेले आणि बाजारातल्या चेंबरची झाकणे उचलून पाणी उलटे वर आले. कापडाच्या दुकानांतले खालच्या फळीवरचे गठ्ठे भिजून वाया गेले.

मग पंप बसवायचे ठरले. पंपांना निधी मिळाला, पण वीजबिल, ऑपरेटर आणि दुरुस्ती यांसाठी कुठलीच तरतूद नव्हती. खाऱ्या हवेत तीन-चार पावसाळ्यांत पंप गंजले आणि आज ते कुलपात आहेत. तुमच्या आराखड्यात असे कुलूपबंद काम नको असेल तर दोन सवयी लावून घ्या. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला स्वतः गटाराच्या तोंडाशी जाऊन उभे राहा आणि पाणी जिथवर चढते तिथे भिंतीवर रंगाची खूण करा. डिझाइन त्या खुणेवरून झाले पाहिजे. आणि प्रत्येक अंदाजपत्रकाला पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडून त्यावर लेखाधिकाऱ्यांची सही घ्या. सही मिळत नसेल तर ते काम आपल्याला परवडणारे नाही.

देखभालीचा पैसा शेवटी घरपट्टीतूनच येतो. वर्षानुवर्षे दर तसेच ठेवून एकदम दुप्पट केले की लोक चिडतात, आणि त्यांचे चिडणे रास्त आहे. दर थोडे थोडे वाढवा, त्याआधी थकबाकी वसूल करा.

रस्त्याचे हॉटमिक्स डांबरीकरण आधी आणि पाइप नंतर, हे तर डोळ्यांदेखत चालते. आपल्याकडे पाणी सार्वजनिक बांधकाम खात्याकडून येत आले, वीज वीज खात्याची, मलनिस्सारणासाठी वेगळे महामंडळ, आणि रस्ता खोदला की शिव्या पालिकेला. सगळ्यांना एका नकाशाभोवती बसवल्याशिवाय डांबराला हात लावू नका.

जागेचा ताबा हातात नसताना निविदा काढू नका. कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामूहिक संस्थेची, जमीन असेल तर दुप्पट वेळ धरा.

सल्लागाराच्या अहवालात दुसऱ्याच शहराचे नाव राहिलेले मी पाहिले आहे. प्रत्येक पान वाचा.

पर्यायी व्यवस्थेवरचा खर्च फालतू मानू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी येथे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारी मुख्य जलवाहिनी फुटली आणि पणजीसह तिसवाडी तालुक्याचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. एवढी मोठी वस्ती एकाच मार्गावर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे, आणि दुसऱ्या वाहिनीचे उद्घाटन लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून ती मागे ढकलणे मला अजिबात पटत नाही.

आता वेळेचे. आपल्याकडे खोदकामाला ऑक्टोबर ते मे एवढेच महिने मिळतात. म्हणून तांत्रिक मान्यता आणि निविदा पावसाळ्यातच उरकायला हव्यात. चतुर्थी आटोपल्यावर फाइल उघडली तर वर्क ऑर्डर निघेपर्यंत जानेवारी उजाडतो. मग ठेकेदार मेच्या शेवटच्या आठवड्यात, आभाळ भरून आलेले असताना डांबर ओततो, आणि तो रस्ता एक पावसाळाही टिकत नाही.