रासायनिक क्रियेत अणू तेवढेच राहतात: काट्यावर कसं पाहावं, समीकरण कसं जुळवावं

समीकरणं पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरली जातात, कारण अणूंचा हिशेब मुलांनी कधी काट्यावर पाहिलेलाच नसतो. तो आधी दाखवा, वही नंतर उघडा.

शीतपेयाची एक लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या. काचेची अजिबात नको, वायूच्या दाबाने फुटू शकते. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. म्हापशाच्या बाजारात माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळतं, ते 50 मिलिलिटर बाटलीत ओता. 2 ग्रॅम खाण्याचा सोडा टिश्यूपेपरच्या पुडीत बांधा. बाटली, झाकण आणि पुडी एकदमच काट्यावर ठेवा, आकडा लिहून घ्या. मग पुडी आत टाकून झाकण लगेच घट्ट लावा. फेस उसळतो, बाटली हाताला कडक लागते. फेस बसल्यावर पुन्हा वजन करा: आकडा तोच, कारण अणू तेवढेच राहिले. आता झाकण हळूच सैल करा. फुस्स आवाज होतो आणि वजन थोडं उतरतं. सोडा आणि व्हिनेगरच्या क्रियेत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वायू खोलीत गेला, एवढंच. अठराव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनीही बंद भांड्यांतच वजनं करून, क्रियेत एकूण वजन बदलत नाही, हा नियम पक्का केला.

बाटलीच्या तोंडाला फुगा लावा, असं पुष्कळ जण सुचवतात. मला ते पटत नाही. फुगलेल्या फुग्याला भोवतालची हवा वर उचलते. फुगा 1 लिटर फुगला तर वजन सुमारे 1.2 ग्रॅम कमी दिसतं आणि मूल नेमकं उलटं शिकतं.

आता वही. डिचोली-सांखळीच्या खाणींतलं लोहखनिज घेऊ. त्यातल्या हेमॅटाइटच्या सूत्रात लोहाचे 2 आणि ऑक्सिजनचे 3 अणू. भट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा ऑक्सिजन काढून नेतो. त्याचा एक रेणू एकच ऑक्सिजन अणू उचलू शकतो, म्हणून 3 रेणू लागतात. उजवीकडे लोहाचे 2 अणू आणि कार्बन डायऑक्साइडचे 3 रेणू. मोजून बघा: कार्बन दोन्हीकडे 3, लोह 2, ऑक्सिजन डावीकडे 3 अधिक 3, उजवीकडे 3 गुणिले 2.

हिशेब जुळत नसेल तर सूत्राच्या आधीची संख्या बदला, सूत्रातला लहान आकडा कधीच नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सूत्रातला (CO₂) तो 2 पुसलात, की कागदावर विषारी कार्बन मोनॉक्साइड उरतो.