इटालियन रेस्तराँमध्ये क्लायंटला जेवायला नेताना

टेबल बुक करतानाच कोपऱ्यातली जागा मागा, स्वयंपाकघराच्या दारापासून आणि बारपासून लांब. बिल टेबलावर येऊ नये म्हणून कार्ड आधीच देऊन ठेवता येतं का, तेही विचारा. पैशांवरून होणारी ओढाताण पाहुण्यासमोर बरी दिसत नाही.

मागवताना स्पॅगेटी टाळा. बोलता बोलता ती काट्यावर गुंडाळणं जमलं तरी सॉसचे शिंतोडे शर्टावर उडतातच. पेन्ने, रिगातोनी किंवा रॅव्हिओली हे पास्त्याचे छोटे प्रकार सोयीचे. रिसोत्तो (मऊसर भाताचा पदार्थ) ताजा शिजवला तर साधारण 20 मिनिटं घेतो, त्यामुळे घाई असेल तर नको. मेनूतल्या ‘सेकोंदी’ म्हणजे मुख्य पदार्थांमधल्या मांस-माशांसोबत भाजी बहुधा येत नाही; ती ‘कोंतोर्नी’मधून वेगळी मागवावी लागते.

पाहुणा काटेकोर शाकाहारी असेल तर एक गोष्ट आवर्जून सांभाळा. अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या घटकाने) बनतं आणि ते रिसोत्तोपासून पेस्तोपर्यंत (तुळशीच्या जातीच्या बेसिलच्या पानांचा सॉस) बऱ्याच ठिकाणी असतं. हे फोनवरच विचारून घ्या, पाहुण्यासमोर वेटरची उलटतपासणी नको.

कामाचं बोलणं मात्र ऑर्डर देऊन झाल्यावरच काढा.